महिन्याला २ पौंड भरून फुटबॉल क्लबची मालकी – आणि तरी पैसे पुरत नाहीत

डेव्हनकर (धागाकर्ता)

आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग, आपली मुख्य फुटबॉल लीग) धाग्यावर ‘क्लब चाहत्यांच्याच हातात दिला तर?’ यावरून अवांतर इतकं वाढलं की मूळ विषय बाजूलाच राहिला. म्हणून वेगळा धागा काढतोय. मी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडे एक्सेटरला राहतो, हवामान खात्यात नोकरी करतो, आणि इथल्या एक्सेटर सिटी क्लबचा अगदी चिमूटभर मालक आहे. क्लबचे बहुसंख्य शेअर चाहत्यांच्या ट्रस्टकडे आहेत आणि ट्रस्टचं सभासदत्व महिन्याला २ पौंडांपासून मिळतं. कुणी जास्त भरले तरी मत एकच.

क्लबचं नाव बहुतेकांनी ऐकलं नसेल. स्थापना १९०४. ब्राझीलचा राष्ट्रीय संघ पहिला सामना खेळला तो याच क्लबविरुद्ध, २१ जुलै १९१४ रोजी रिओमध्ये, आणि २-० असा जिंकला. पुढची शंभर वर्षं आम्ही तेवढ्यावरच काढली म्हणा ना. मुक्काम बहुतेक काळ तिसऱ्या-चौथ्या पायरीवर (प्रीमियर लीग ही पहिली; मोसमाअखेर निकालांनुसार क्लब वर चढतात किंवा खाली उतरतात).

चाहत्यांकडे क्लब आला तो कुणी प्रेमाने दिला म्हणून नाही. २००२च्या सुमारास कारभार नव्या लोकांकडे गेला. चमचे वाकवणारा उरी गेलर त्यांच्यात होता. त्याने जून २००२मध्ये मायकल जॅक्सनला लंडनहून आगगाडीने एक्सेटरला आणलं आणि क्लबचा मानद संचालक केलं. हे विनोदाने सांगत नाहीये, खरंच घडलंय. पुढच्याच वर्षी, मे २००३मध्ये, क्लब लीगमधून बाहेर म्हणजे पाचव्या पायरीवर घसरला, कारभाऱ्यांपैकी दोघांना अटक झाली आणि फसव्या व्यवहारांबद्दल २००७मध्ये शिक्षाही झाली. मागे उरलं लाखो पौंडांचं कर्ज. तेव्हा ट्रस्टच्या लोकांनी किल्ल्या हातात घेतल्या. कुणी शिक्षक, कुणी हिशेबनीस, कुणी रंगारी. घेणेकऱ्यांशी तडजोड करून हप्ते बांधले.

मग जानेवारी २००५. एफए कप म्हणजे लहान-मोठ्या क्लबांची बाद स्पर्धा. तिच्या तिसऱ्या फेरीत पाचव्या पायरीवरचा हा क्लब मँचेस्टर युनायटेडशी त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर ०-० बरोबरीत सुटला. ६७ हजारांवर प्रेक्षक. दुसरा सामना आमच्या मैदानावर झाला, तो ०-२ हरलो, रोनाल्डो आणि रूनी यांचे गोल. पण तिकिटांचा वाटा आणि टीव्हीचे पैसे मिळून कर्जाचा डोंगर उतरला. हरूनही गावात दिवाळी होती, असं जुने लोक सांगतात.

आता माझा मुद्दा. चाहत्यांची मालकी क्लबला मरू देत नाही हे खरं, पण ती क्लबला जगवतेच असं नाही. जगवायला दोन गोष्टी लागतात: मैदान कुणाचं आहे, आणि बाकीच्या क्लबांचे मालक किती तोटा खिशातून भरतात. पहिली थोडीफार आपल्या हातात असते, दुसरी बिलकूल नाही. यावर काथ्याकूट व्हावा.

---

निवृत्त_सहकार

धागा आवडला. पण डेव्हनकर, तुम्ही ज्याला ट्रस्ट म्हणताय ती आपली सहकारी संस्थाच झाली की! एक सभासद, एक मत. भांडवल कितीही असो. १९५०मध्ये प्रवरेला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच तत्त्वावर.

मी आयुष्यभर सहकार खात्यात लेखापरीक्षण केलंय. म्हणून मैदानावर काय होतं त्यापेक्षा वार्षिक सभेत काय होतं ते ऐकायला आवडेल. आमच्याकडे सभेचा नेम ठरलेला: अहवाल वाटायचा, ‘विषय क्रमांक एक ते नऊ मंजूर?’ असं विचारायचं, मागून कुणीतरी ‘मंजूऽऽर’ ओरडायचं, आणि सगळे जेवणाकडे. संस्था बुडाली ती सभासद गरीब होते म्हणून नव्हे, सभासदांनी ताळेबंद कधी उघडलाच नाही म्हणून. तुमच्याकडे कोण उघडतं?

---

डेव्हनकर

काका, नेमका प्रश्न. आमच्याकडे ताळेबंद उघडणारे शंभरएक तरी असतात, आणि त्यांतले दहा-बारा असे चिवट की संचालकांना घाम फुटतो. निवृत्त बँकवाले, एक-दोन माजी करअधिकारी. गेल्या सभेत एका आजींनी विचारलं की प्रवासखर्च मागच्या वर्षीपेक्षा का वाढला. उत्तर आलं, लीग बदलली, उत्तरेकडे जास्त सामने आहेत. आजी म्हणाल्या, ‘सामन्यांची यादी माझ्याकडेही आहे, मी मैल मोजलेत, एवढा फरक बसत नाही.’ सभागृहात पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. शेवटी संचालकांनी लेखी खुलासा करायचं कबूल केलं.

पण खोटं कशाला बोलू, मतदान करणारे सभासद एकूण सभासदांच्या मानाने थोडेच. क्लब जिंकत असला की सभा ओस, हरत असला की बसायला जागा नाही.

---

सीए_मृणाल

दोन पौंडांचं गणित मांडते. उदाहरण म्हणून ४,००० सभासद धरा, वर्षाला प्रत्येकी २४ पौंड. झाले ९६,००० पौंड. आपल्याला कोटीची रक्कम म्हणून मोठी वाटते, पण तिसऱ्या पायरीवरच्या एका बऱ्या स्ट्रायकरच्या वर्षभराच्या पगारात ती संपेल. म्हणजे वर्गणीतून *हक्क* येतो, *पैसा* येत नाही. क्लब चालतो तो तिकिटं, जाहिराती, लीगकडून येणारा वाटा आणि खेळाडूंची विक्री यांवर.

खरी गोम पगाराच्या नियमात आहे. कित्येक वर्षं तिथे नियम असा होता की तिसऱ्या पायरीवर उलाढालीच्या ६० टक्क्यांपर्यंतच पगारावर खर्च करायचा, चौथ्या पायरीवर त्याहून कमी. वाचून वाटतं, वा, काय शिस्त! पण मालकाने देणगी म्हणून किंवा नवे शेअर घेऊन घातलेला पैसाही त्या हिशेबात मोजला जायचा. म्हणजे धनाढ्य मालकाने दहा लाख ओतले की त्याचा क्लब नियमात राहून तेवढा जास्त खर्च करायला मोकळा. चाहत्यांच्या क्लबने हेच करायचं तर डबा घेऊन गल्लीत फिरायचं. नियम सगळ्यांना सारखाच, फक्त एकाच्या खिशात पाकीट आणि दुसऱ्याच्या खिशात रुमाल.

डेव्हनकर, तुमच्या क्लबच्या उत्पन्नात खेळाडूंच्या विक्रीचा भाग किती मोठा?

---

डेव्हनकर

मृणालताई, तोच कणा आहे. २०१४चा उन्हाळा हे त्याचं उत्तम उदाहरण. कुणी चांगला खेळाडू विकला गेला नव्हता, कपमध्येही काही हाती लागलं नव्हतं, आणि पगाराला पैसे नाहीत अशी वेळ आली. खेळाडूंच्या संघटनेकडून कर्ज घ्यावं लागलं, आणि ते घेतलं की नियमाने नवे खेळाडू घ्यायला बंदी. मोसमाच्या पहिल्या सामन्यात पोर्ट्समथविरुद्ध बाकावर बसवायला माणसं कमी पडली, तर ४१ वर्षांचे व्यवस्थापक पॉल टिसडेल यांनी स्वतःचं नाव खेळाडू म्हणून नोंदवलं आणि राखीव खेळाडूंत जाऊन बसले!

सुटका झाली ती जानेवारी २०१५मध्ये. आमच्याच अकादमीत तयार झालेला मॅट ग्राइम्स १७.५ लाख पौंडांना स्वान्सीला गेला. २०१७मध्ये ऑली वॉटकिन्स १८ लाखांना ब्रेंटफर्डला. त्याच्या करारात पुढच्या विक्रीतला वाटा लिहून घेतला होता. २०२०मध्ये ॲस्टन व्हिलाने त्याला २.८ कोटी पौंडांना घेतलं तेव्हा तो वाटा आमच्याकडे आला. त्या दिवशी ऑफिसात ब्रेंटफर्डच्या व्यवहाराने माझ्याइतकं खूश झालेलं दुसरं कुणी नव्हतं.

उलटा अनुभव म्हणजे ईथन अम्पाडू. १६ वर्षांचा पोरगा, २०१७मध्ये चेल्सीने नेला, आणि किंमत लवादाने ठरवली. क्लबला वाटत होतं त्यापेक्षा बरीच कमी. लहान क्लबांची पोरं मोठ्यांनी उचलायची आणि मोबदला तक्त्यावरून ठरवायचा, अशी ती व्यवस्था आहे. आंबा आमच्या परसात पिकला म्हणून भाव आम्ही ठरवू असं नाही.

---

रोखठोक_ठाणे

सगळं वाचलं. माफ करा, पण हे गरिबीचं उदात्तीकरण वाटतंय. चाहता म्हणून मला गोल पाहिजेत, ताळेबंद नकोत. वेल्समधला रेक्सम क्लब बघा. २०११पासून तिथे चाहत्यांचाच ट्रस्ट होता. दहा वर्षं पाचव्या पायरीवरच. मग रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी हे नट आले, सभासदांनी मत दिलं, ९८ टक्क्यांहून अधिक बाजूने! फेब्रुवारी २०२१मध्ये क्लब त्यांचा झाला आणि २०२३, २०२४, २०२५ अशा लागोपाठ तीन बढत्या. पोर्ट्समथच्या चाहत्यांनीही विकला. ब्रेंटफर्ड चाहत्यांच्या ट्रस्टकडे होता, मॅथ्यू बेनम या धनाढ्य मालकाकडे गेला आणि आज प्रीमियर लीगमध्ये आहे. चाहते स्वतःच संधी मिळताच मालकी सोडतात. यातून काय समजायचं?

---

प्लाउ_लेन

रोखठोक, अर्धं चित्र. मी दक्षिण लंडनमध्ये राहते, विम्बल्डनची. टेनिसवालं नाही, दुसरं.

मे २००२मध्ये तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने ठरवलं की विम्बल्डन एफसीने शंभर किलोमीटरच्या आसपास दूर मिल्टन कीन्सला जायला हरकत नाही. मालकाला तिथे फायदा दिसत होता. एफए कप जिंकलेला क्लब एका निर्णयाने गावातून उचलला. महिन्याभरात चाहत्यांनी नवा क्लब काढला. खेळाडू कुठून आणायचे? विम्बल्डन कॉमनच्या गवतावर निवड चाचणी ठेवली, दोनशेहून जास्त माणसं बूट घेऊन हजर. नवव्या पायरीपासून सुरुवात. नऊ वर्षांत, २०११मध्ये, लूटनला पेनल्टीवर हरवून एएफसी विम्बल्डन लीगमध्ये. पाच वर्षांनी तिसऱ्या पायरीवर. मधे उतरलो, २०२५मध्ये वॉल्सॉलला वेम्बलीवर १-० हरवून परत वर. हा सगळा प्रवास चाहत्यांच्या ट्रस्टच्या बहुमताखाली झाला. म्हणजे ‘चाहत्यांचा क्लब वर जात नाही’ हे खोटं. रेक्समइतक्या वेगाने जात नाही, एवढंच खरं.

आता डेव्हनकरांच्या मैदानाच्या मुद्द्यावर. आमची खरी लढाई तीच होती. किंग्जमेडो नावाचं छोटं मैदान विकत घेतलं होतं, ते पुढे चेल्सीला विकलं आणि तो पैसा प्लाउ लेनच्या नव्या स्टेडियममध्ये घातला. विम्बल्डन एफसीच्या मूळ मैदानापासून चालत दोन मिनिटं. बांधकाम सुरू असताना पैसे कमी पडले. बाहेरचा गुंतवणूकदार घ्यायचा का यावर रान पेटलं. शेवटी चाहत्यांनी रोखे काढले: तुम्ही किती वर्षांसाठी पैसे देणार आणि व्याज किती घेणार (शून्य ते ४ टक्के) हे तुम्हीच लिहायचं. ५० लाख पौंडांहून अधिक जमले. माझ्या ओळखीच्या एका काकांनी व्याजाच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि घरी बायकोला चार सांगितलं.

३ नोव्हेंबर २०२०ला पहिला सामना झाला. कोविडमुळे आत एकही प्रेक्षक नाही. अठरा वर्षं ज्याची वाट बघितली ते घरच्या पडद्यावर बघितलं.

रोखे म्हणजे कर्जच, ते फेडायचंय, व्याज शून्य असलं तरी मुद्दल शून्य नाही. पण घरमालक कुणी उपरा नाही, आणि नाव, मैदान यांना हात लावायचा तर सभासदांना विचारावंच लागतं.

---

डेव्हनकर

प्लाउ_लेन, काकूंचं लक्ष या धाग्याकडे जाऊ नये ही प्रार्थना.

रोखठोक, पोर्ट्समथचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं केलंत. २००८ला एफए कप जिंकलेला क्लब. एकामागून एक मालक, दोनदा दिवाळखोरीची प्रक्रिया, आणि २०१३ला थेट चौथ्या पायरीवर. तिथेही गाडं अडलं होतं ते फ्रॅटन पार्क या मैदानावर. आधीच्या मालकाच्या कंपनीचा त्यावर बोजा होता आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. दोन हजारांहून जास्त चाहत्यांनी प्रत्येकी १,००० पौंड घातले, काही स्थानिक पैसेवाल्यांनी भर टाकली, आणि एप्रिल २०१३मध्ये क्लब मैदानासकट सोडवला. कर्ज फेडलं. २०१७ला चौथ्या पायरीचं विजेतेपद. त्याच वर्षी डिस्नीचे माजी प्रमुख मायकल आइसनर यांना ५६.७ लाख पौंडांना विकला. बाजूने ८० टक्क्यांहून अधिक मतं.

मी याला हार मानत नाही. त्यांनी विकला तो कर्ज फिटल्यावर, मैदान ताब्यात असताना, खरेदीदाराला समोर बसवून प्रश्न विचारून. ‘नको’ म्हणायची सोय होती, म्हणून ‘हो’ला किंमत आली.

याउलट नॉट्स काउंटी. २००९मध्ये तिथल्या चाहत्यांच्या ट्रस्टने आपले शेअर ‘मुंटो फायनान्स’ नावाच्या कंपनीला जवळपास आंदण दिले. आखातातला पैसा येणार म्हणून गाजावाजा. इंग्लंड संघाचे माजी प्रशिक्षक स्वेन-योरान एरिक्सन फुटबॉल संचालक. इंग्लंडचा नावाजलेला बचावपटू सोल कॅम्पबेल आला, मोरकमविरुद्ध एक सामना खेळला, १-२ हरला आणि निघून गेला. पैसा काही आलाच नाही. वर्ष संपायच्या आत क्लब १ पौंडाला विकला गेला, आणि दोनेक महिन्यांत पुन्हा १ पौंडालाच. पोर्ट्समथ काय, नॉट्स काय, विकणारे दोन्हीकडे चाहतेच, दोन्हीकडे मतदान. पोर्ट्समथवाले सावकाराच्या तावडीतून सुटले होते, नॉट्सवाले बिलांना घाबरले होते.

---

आयटी_बावधन

एक बाळबोध शंका. एवढं सगळं गावपातळीवर करण्यापेक्षा ॲप काढून जगभरातून लाखभर लोकांकडून पैसे घेतले तर? संघनिवडसुद्धा ॲपवर. मी पहिला सभासद होतो!

---

प्लाउ_लेन

झालंय हे करून. एब्सफ्लीट युनायटेड, २००८. संकेतस्थळावरून जवळपास ३०,००० लोकांनी प्रत्येकी ३५ पौंड देऊन पाचव्या पायरीवरचा क्लब घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात वेम्बलीवर एफए ट्रॉफी ही खालच्या पायऱ्यांवरच्या क्लबांची स्पर्धाही जिंकली. जॉन अकिंडे नावाचा पोरगा ब्रिस्टल सिटीला विकायचा की नाही यावर जगभरातून मतदान झालं.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाची वेळ आली आणि बहुतेकांनी ३५ पौंड भरलेच नाहीत. काही हजार उरले, मग आणखी कमी. २०१३मध्ये क्लब कुवेती गुंतवणूकदारांकडे गेला. ज्याचं पाऊस लागलेल्या मंगळवारी रात्री मैदानावर उभं राहून नाक गळलेलं नाही, तो दुसरी वर्गणी भरत नाही.

---

आयटी_बावधन

ॲपचं मॉकअप डिलीट करतो.

---

तांबडा_रस्सा_कोपू

लय भारी धागा भावांनो. आमच्या कोल्हापुरात हे सगळं आधीपासून हाय की! पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल – सगळे तालमीचे, पेठेचे संघ. मालक कोण म्हणून विचारलं तर अख्खी पेठ हात वर करंल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-शिवाजी सामना असला की दुकानं लवकर बंद. आमच्या अनिकेत जाधवने १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला २०१७ला.

पण डेव्हनकर भावा, तुझ्या आजींसारखी आजी आमच्याकडं एक बी न्हाई. वर्गणी पेठ देते, वरचा पैसा कुणीतरी दादा देतो, आणि हिशेब विचारला की ‘तू कोणत्या गटाचा?’ दादाचं इलेक्शन झालं की पैसा आटतो. आमच्या तालमीत एका मोसमात बाहेरचे खेळाडू आणले, पुढच्या मोसमात त्यांचं मानधन देता देता नाकी नऊ आले.

---

वास्कोकर

कोल्हापूरकर, तुमचे दादा निदान गल्लीत भेटतात तरी. आमच्या गोव्यात क्लब खाणमालकांचे आणि उद्योगपतींचे. धेंपो, साळगावकर ही नावं भारतीय फुटबॉलमध्ये सोन्याने लिहावीत अशी. पण २०१६मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्यात आय-लीग (तोवरची देशातली मुख्य लीग) दुय्यम होणार हे दिसल्यावर साळगावकर आणि स्पोर्टिंगने आय-लीगमधून अंग काढून घेतलं. मालकाच्या दृष्टीने निर्णय पटण्यासारखाच होता. मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये बसणाऱ्याला मात्र वर्तमानपत्रातून कळलं.

मुंबईचं महिंद्र युनायटेड २००६ला राष्ट्रीय विजेतं, २०१०ला बंद. पुणे एफसी २०१३ला आय-लीगमध्ये दुसरं, २०१५ला बंद. एफसी पुणे सिटी २०१९ला बंद, आयएसएलमधली जागा हैदराबादला. यातल्या एकाही ठिकाणी चाहत्यांना मत सोडा, नोटीससुद्धा नव्हती. रोखठोक म्हणतात चाहत्यांना गोल हवेत. बरोबर. पण गोल करायला संघ शिल्लक लागतो ना?

---

रोखठोक_ठाणे

वास्कोकर, पुण्याचं दुखणं माझंही आहे, बालेवाडीला जायचो. मान्य. तरी प्रश्न राहतोच: कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल सभासदांच्याच संस्था आहेत की. निवडणुका होतात. त्यांनाही शेवटी आयएसएलसाठी मोठ्या कंपनीला जोडून घ्यावंच लागलं. बागानच्या फुटबॉल कंपनीत ८० टक्के वाटा कंपनीचा, २० क्लबचा. ईस्ट बंगालचे तर दोन-दोन वर्षांनी भागीदार बदलले.

---

सीए_मृणाल

कारण खर्चाची पातळी क्लब ठरवत नाही, लीग ठरवते. प्रवेशालाच कोट्यवधी लागणार असतील तर सभासदांच्या संस्थेला दारातच कुणीतरी शेटजी शोधावा लागतो. जर्मनीत १९९८पासून नियमच आहे की मतांची बहुसंख्या सभासदांच्या संस्थेकडे राहिली पाहिजे, दोन-चार जुने अपवाद सोडून. त्यामुळे शेजारच्या क्लबचा मालक वेड्यासारखा पैसा ओततोय म्हणून आपणही ओता, हा दबाव तिथे बराच कमी.

इंग्लंडमध्ये जुलै २०२५मध्ये कायदा झाला, स्वतंत्र नियामक आला. क्लबांना परवाना, मालकांची तपासणी, बोधचिन्ह आणि रंग बदलायचे तर चाहत्यांचं म्हणणं घ्यायचं. त्याला कारण ठरलेल्या घटनांत ‘बरी’ नावाच्या गावचा क्लब मुख्य. १८८५चा क्लब, दोनदा एफए कप विजेता; डिसेंबर २०१८मध्ये १ पौंडाला विकला गेला आणि ऑगस्ट २०१९मध्ये लीगमधून हाकलला गेला. शिक्षा मालकाच्या कारभाराची, भोगली गावाने.

---

निवृत्त_सहकार

मृणालताईंनी नियामकाचं सांगितलं. आमचं सहकार खातंही नियामकच होतं, आणि नियामक असताना काय काय झालं ते मी बघितलंय. असो.

दुसरी शंका. सभासदांत फूट पडत नाही का? सहकारात संस्था बाहेरच्याने कमी आणि पॅनेलांनी जास्त मोडल्या.

---

प्लाउ_लेन

पडते की. एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. २००५मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड कर्जावर विकत घेतल्यावर रागावलेल्या चाहत्यांनी काढलेला क्लब. पहिल्याच वर्षी दहाव्या पायरीवर सरासरी तीनेक हजार प्रेक्षक. २०१५मध्ये मॉस्टनला स्वतःचं ब्रॉडहर्स्ट पार्क बांधलं, त्यात सुमारे २० लाख पौंड लोकांनी शेअर घेऊन दिले. आणि स्टेडियम उभं राहिल्याच्या पुढच्याच वर्षी कारभार आणि पारदर्शकता यांवरून अशी जुंपली की संस्थापकांपैकी कर्तेधर्ते बाहेर पडले, मंडळ बदललं. २०१९ला एक पायरी खालीही गेले.

पण क्लब आहे. दर पंधरवड्याला दरवाजे उघडतात. भांडून मंडळ बदलता आलं, हे मला त्या प्रकरणातलं वाईट वाटत नाही.

---

डेव्हनकर

काका, स्टॉकपोर्ट काउंटीचं सांगायचं राहिलं, ते तुमच्या उपयोगाचं आहे. २००५मध्ये चाहत्यांच्या ट्रस्टला क्लब मिळाला, मैदान मात्र मिळालं नाही, ते आधीच्या मालकाच्या कंपनीकडेच. सामन्याच्या दिवशीचं खाण्यापिण्याचं उत्पन्नही हातात नाही. आता मला सांगा, एवढ्याशा क्लबला तिकिटानंतर पैसा कशातून मिळतो? बीअर आणि ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) यांतून! तोच गल्ला दुसऱ्याचा. २००८ला बढती मिळाली, २००९ला दिवाळखोरी, आणि २०१३पर्यंत सहाव्या पायरीवर. सभासद प्रामाणिक होते, सभा होत होत्या, मतदान होत होतं. करारच वाईट होता.

आमचं सेंट जेम्स पार्क नगर परिषदेच्या मालकीचं, क्लबकडे भाडेपट्टा. आदर्श नाही, पण घरमालक उद्या तिथे फ्लॅट बांधायला निघणार नाही एवढी खात्री.

रोखठोक, तुमच्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर: उद्या आमच्याकडे कुणी रेनॉल्ड्स आला तर मी उत्पन्नाचे आकडे बघेन, त्याचा आधीचा धंदा बघेन, आणि मैदानाचा भाडेपट्टा ट्रस्टच्या नावावर वेगळा राहणार असेल तरच बाजूने मत देईन. माझ्या शेजारी उभा राहणारा प्लंबर म्हणतो, काहीही झालं तरी विरोधात. आमची दर शनिवारी यावरून वादावादी होते.

---

तांबडा_रस्सा_कोपू

भावा, तुमच्या ट्रस्टची नियमावली मिळंल का? आमच्या तालमीच्या बैठकीत ठेवायची म्हणतोय. मैदानाचा प्रश्न आमच्याकडं न्हाई, सगळे एकाच स्टेडियमवर खेळतात.

---

सीए_मृणाल

नियमावलीच्या आधी एक करा. गणपतीची वर्गणी आणि फुटबॉलची वर्गणी एकाच खात्यात जाते का? जात असेल तर पहिलं काम ते वेगळं करणं. दुसरं, दादांकडून येणारी रक्कम पावती फाडून जमेस धरा, ‘त्यांनी परस्पर दिले’ हे बंद. मैदानाचं भाडं, कर्ज काही नाही म्हणता, तर तुमचा खर्च म्हणजे जवळजवळ सगळा खेळाडूंचाच असणार. तो आकडा भिंतीवर लावा.

---

तांबडा_रस्सा_कोपू

ताई, आकडा भिंतीवर लावला तर बाहेरचे खेळाडू आणायला पेठ नको म्हणंल. आणि न्हाई आणले तर समोरची तालीम आणणारच, आम्ही हरणार, मग वर्गणी कोण देणार?

---

डेव्हनकर

नियमावली व्यनि केली आहे. तुझा प्रश्न आमच्याही दर सभेत निघतो, आणि आमच्याकडे त्यावर एकच उत्तर आहे: चौदा-पंधरा वर्षांची पोरं. त्यांचा प्रशिक्षक कोण आहे तुमच्याकडे?

---

तांबडा_रस्सा_कोपू

एक माजी खेळाडू हायत, फुकट शिकवतात, पहाटे सहाला. बुटांचे पैसे बी स्वतःच घालतात. त्यांचं मानधन पहिला विषय म्हणून घेतो बैठकीत.